कार्ड नसलेला फोन

येसूने पाण्याने भरलेला पितळी तांब्या सख्ख्या भावाच्या कपाळावर हाणला, तेव्हा त्या बिचाऱ्याच्या हातात वडापावची पुडी होती. कातडी भुवईपर्यंत फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तो भिंतीला घासत खाली बसला, पण पुडी त्याने सोडली नाही.

"बोल, कधी सांगलास त्याला? आल्या आल्या, का दोन दिवस थांबलास?" येसूने ओरडत दुसऱ्यांदा तांब्या उचलला.

"बाय, मी न्हाय सांगलं," बाळाराम म्हणाला. मोठ्या बहिणीला तो लहानपणापासून बाय म्हणायचा.

दुसरा तांब्या खांद्यावर बसला. तिसरा बसला असता, पण बाहेरच्या मजुरांनी येसूला मागून धरली. दोन बाप्यांना ती आवरत नव्हती. पन्नाशीची, हाडकुळी बाई, पण येसूचा हात जिभेच्या आधी चालायचा ही गोष्ट टेमघरात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होती.

हे सगळं चाललं होतं ते टेमघरच्या पुढे, एका अर्धवट बांधलेल्या गोडाऊनच्या वॉचमनच्या खोलीत. बाळाराम तिथे वॉचमन होता. खोलीच्या कोपऱ्यात येसूची लेक मनाली बसली होती. तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूचे केस मुळासकट उपटलेले होते आणि डावा डोळा मिटूनच गेला होता. तिची सहा वर्षांची पोर, स्नेहा, खाटेखाली पालथी पडून होती. पोरीच्या हातात काच तडकलेला एक जुना फोन होता आणि त्यावर ती आवाज बंद करून माकडाचं कार्टून बघत होती. आईला मारताना बापाचं लक्ष आपल्याकडे जाऊ नये म्हणून आवाज बंद करायचा, हे त्या पोरीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

थोड्याच वेळापूर्वी शैलेश येऊन गेला होता. शैलेश म्हणजे मनालीचा नवरा, टेम्पो चालवणारा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने थोबाडीत मारलं, दुसऱ्या वर्षी पट्टा काढला, आणि गेल्या पौर्णिमेच्या आधी बायकोचं मनगट दाराच्या फटीत धरून वरून दार लावलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीला ऐकू गेला. मनालीने त्याच दिवशी पोर आणि एक पिशवी उचलली आणि घर सोडलं. आईने तिला आधी टेमघरच्या आपल्या खोलीत ठेवलं. तिथे तो येणारच होता, आला, दार फोडलं. पोलिसांत तक्रार झाली, तीन दिवस आत राहून बाहेर आला. मग येसूने लेकीला डोंगराकडच्या पाड्यावर नणंदेकडे, भागीकडे नेऊन ठेवलं. त्या पाड्याला धड रस्ता नाही, तरी दोन दिवसांत हा बाबा मोटरसायकल घेऊन नेमका भागीच्या अंगणात हजर. मनालीला त्याने चुलीतल्या लाकडाने मारलं. येसूने मग भागीच्या उंबऱ्यावर थुंकून सांगितलं, की तुझं तोंड मी मेल्यावरपन बघनार न्हाय.

आणि आता हा तिसरा ठिकाणा. इथला पत्ता फक्त दोघांना माहीत होता, येसूला आणि बाळारामाला. शैलेश आला नेमका बाळाराम भाचीसाठी वडापाव आणायला गेला तेव्हा. एवढं जुळून आल्यावर येसूला आणखी काय पुरावा हवा होता? मजूर धावून आले म्हणून लेक वाचली, आणि त्यांनीच येसूला बोलावून आणलं. मोटरसायकलला किक मारता मारता शैलेश येसूच्या नावाने सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेला होता, "लपव कुठं लपवतेस ती. पुढच्या खेपेला हात हालवत येनार न्हाय. कोयता आनीन."

तो पोकळ दम नव्हता. शैलेश कसाही असला तरी बोललेलं करणारा होता. आणखी एकदा त्याला ठिकाणा सापडला की लेक संपली, हे येसूला स्वच्छ दिसत होतं. तिने मनालीला उभी केली, पोरीला खाटेखालून ओढली, पिशवी काखेत मारली आणि निघाली. दारात बाळाराम रक्त पुसत म्हणाला, "बाय, पोरीला वडापाव तरी दे." येसूने त्याच्या हातातली पुडी हिसकली आणि सिमेंटच्या ढिगावर फेकून दिली.

*

नारपोलीत सादिकशेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात येसू बावीस वर्षं कांड्या भरत होती. धोट्यात बसवायच्या सुताच्या नळीला कांडी म्हणतात, आणि ती भरता भरता बायकांच्या बोटांची टोकं गुळगुळीत होऊन जातात. शेठची बायको तय्यबा ही कडक बाई. सुताचा तोटा चालेल पण खोटं चालणार नाही, असा तिचा कायदा. रिक्षातून उतरलेल्या मनालीचं तोंड बघून तिने एक शब्द विचारला नाही. कारखान्यावरच्या मजल्यावर त्यांचं घर, त्यातली मागची खोली उघडून दिली आणि म्हणाली, "येसू, हिथे तो आला तर आधी माझ्या अंगावरून जाईल. पण तो येतो कसा, हे आधी मला कळू दे."

"घरातलाच फुटला, भाबी. माझा सख्खा भाव."

"कशावरून?"

येसूने सगळं सांगितलं. तय्यबाची मुलगी हफसा दारात उभी राहून ऐकत होती. हफसा कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनची डॉक्टर होती. तिने मनालीकडे बघून फक्त हात पुढे केला.

"मनालीताई, तुमचा फोन देता?"

फोन उघडून ती दोन मिनिटं काहीतरी चाळत राहिली. मग तिने विचारलं, "ह्यात ईमेल कुणाचा आहे?"

"ईमेल म्हंजे?" मनाली सुजलेल्या ओठातून म्हणाली. "तो दौलतने काढून दिला व्हता. लग्नात."

धामणकर नाक्यावर दौलतचं मोबाइलचं दुकान आहे. आसपासच्या पाड्यांवरचं, टेमघरचं, नारपोलीचं निम्मं गाव त्याच्याकडूनच फोन घेतं. फोन चालू करायला ईमेल लागतो, आणि तो कुणाकडेच नसतो, म्हणून दौलतच काढून देतो. नाव, पुढे एक-दोन-तीन, झाला पासवर्ड. ईमेल कुठला, पासवर्ड कुठला, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दौलत सांगत नाही. फोन लागतो ना, बस्स. त्यातही नवराबायको मिळून आले तर दोघांना दोन ईमेल काढायचा त्याला कंटाळा. नवऱ्याचा काढायचा आणि तोच बायकोच्या फोनात घालायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जोडप्याने दौलतकडे जायचं, हा आता हळद काढण्याइतका ठरलेला रिवाज झाला होता, आणि नवरीला नवऱ्याच्या नावाचा फोन मिळतो यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट हौस वाटायची.

"हा शैलेशचा अकाउंट आहे," हफसा म्हणाली. "फोन तुमच्या हातात, पण मालक तो. तुम्ही कुठे आहात ते तो बसल्या जागी बघतो. हे बघा."

तिने पडद्यावर नकाशा काढला. येसूला अक्षरं वाचता येत नव्हती, पण रस्ते कळत होते. निळी रेघ टेमघरहून निघाली, डोंगराकडे वळली, जिथे रस्ता संपतो तिथे दोन दिवस बसली, परत फिरली, गोडाऊनपाशी चार दिवस बसली. आणि आता रेघेचं टोक नारपोलीत होतं.

"एकदा त्याचा फोन टेम्पोत हरवला व्हता," मनाली हळूच म्हणाली. "दौलतने त्याला माझ्या फोनवर शोधून दाखवला. तवापासून त्याला ते येतं."

येसूच्या डोळ्यांसमोर आता तो नकाशा नव्हता. भागीचा उंबरा होता, त्यावरची आपली थुंकी होती, आणि भुवईपर्यंत फाटलेलं ते कपाळ होतं. पुडी न सोडलेली ती बोटं होती.

हफसाने मात्र वेळ घालवला नाही. फोन आधी पार कोरा केला, मनालीच्या नावाचा नवा ईमेल काढला, नवं सिमकार्ड आणवलं, पासवर्ड मनालीलाच टाकायला लावला आणि तो कुणालाही सांगू नकोस, मला पण नाही, असं बजावलं. पण कोरा करण्याआधी तिने येसूला एक विचारलं होतं. मनाली तेव्हा औषधाच्या गुंगीत डोळे मिटून होती.

"मावशी, ह्या अकाउंटवर तीन फोन दिसतायत. एक शैलेशचा, एक हा. तिसरा कुठला? सात महिने बंद दाखवतोय."

"तो मनालीचा पहिला," येसू म्हणाली. "त्याची काच फुटली. त्यात कार्ड न्हाय. गेला तो."

ती खोटं बोलली नव्हती. काच फुटलेली होती, कार्ड नव्हतं. येसूच्या लेखी कार्ड नसलेला फोन म्हणजे वीज तोडलेलं लूम. त्याच्यावर पोरांनी चढून खेळावं. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत स्नेहा त्याच फोनवर, आधीच भरून ठेवलेलं माकडाचं तेच ते कार्टून विसाव्यांदा बघत होती.

त्या संध्याकाळी शैलेश कारखान्याच्या गल्लीत दोन चकरा मारून गेला, असं मुकादम रामू म्हणाला. पण फोन बंद झाला त्या क्षणी नारपोलीतलं ते टोक पुसलं गेलं होतं, आणि नारपोलीत कारखान्याला लागून कारखाना आहे. कुठल्या दारात शिरायचं ते त्याला कळलं नाही. पुढे दोन दिवस फिरकला नाही.

*

येसू तिसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनवर गेली. बाळाराम खुर्चीत बसला होता, कपाळाला पट्टी, पट्टीखाली सात टाके. तिला बघून तो उठला आणि खुर्ची मध्ये राहील असा उभा राहिला.

"तू न्हवतास. फोन व्हता," येसू म्हणाली. "हफसाने शोधून काढलं. मी चुकले रं."

"बरं."

"येवढंच?"

"काय बोलू, बाय? मी तवापन बोललो व्हतो. तू इचारलं न्हायस. मारलंस."

येसूला हे सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कारखान्याच्या दारात येऊन बस. शेठ ड्युटी देतील. तू दारात असलास तर तो आत पाय टाकनार न्हाय. तुला भितो तो."

हे खरंच होतं. शैलेश जगात एकाच माणसाला वचकून होता, तो म्हणजे हा बायकोचा मामा. एकदा लग्नाच्या जेवणात बाळारामाने त्याला एका हाताने मांडवाच्या खांबाला दाबून धरला होता, तेव्हापासून.

बाळाराम मान खाली घालून म्हणाला, "मी न्हाय येनार. मी तिथं येऊन बसलो आनि तो आला, तर परत माझंच नाव. मना ठिकाना सांगू पन नको. कुठल्या कारखान्यात, कुठल्या गल्लीत, काय सांगू नको. मना म्हाईतच नसलेलं बरं."

"आरं, म्हाईत हाय तुला. बावीस वर्षं एकच कारखाना हाय माझा."

"मग मी ते इसरलो," बाळाराम म्हणाला आणि गेटकडे निघून गेला.

तो त्याचा राग नव्हता, ती भीती होती, आणि ती आपणच त्याच्या डोक्यात तांब्याने ठोकून बसवली आहे, हे येसूला परतीच्या रिक्षात कळलं. धामणकर नाक्यावर दौलतच्या दुकानापुढे एक नवी नवरी हिरव्या चुड्यातल्या हातात खोकं धरून उभी होती. येसूला वाटलं उतरावं आणि ते दुकानच पेटवून द्यावं.

पुढचे चार दिवस बरे गेले. मनालीचा डोळा उघडला. प्लास्टरमधल्या हाताने ती खाली कारखान्यात कांड्यांची खोकी लूमपाशी पोचवायला लागली. तय्यबाने गेटला आतून कडी घालायचा हुकूम काढला. पण पोर कंटाळली. पाचव्या दिवशी दुपारी स्नेहा माकडाच्या त्याच कार्टूनवर वैतागून रडायला लागली, दुसरं हवं म्हणून. हफसा कॉलेजला गेली होती. तय्यबा स्वयंपाकघरात तांदळाच्या रोट्या भाजत होती. तिने पिठाचे हात पुसले, कॅलेंडरच्या मागे चिकटवलेला कागद काढला आणि वायफायचा पासवर्ड स्वतः पोरीच्या फोनात टाकून दिला. पाहुण्याच्या लेकराला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. पोर हसली. तय्यबाला धन्य वाटलं.

सात महिने मेलेला तो फोन शैलेशच्या पडद्यावर जिवंत झाला, आणि या वेळी नुसती गल्ली नाही तर घर दाखवत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ताण्याच्या सुताचा मोठा रूळ, म्हणजे बीम, घेऊन टेम्पो आला म्हणून रामूने गेटची कडी काढली. त्या टेम्पोच्या आडून शैलेश आत शिरला. हातात गुंडाळलेला रेनकोट होता.

कारखाना चालू असताना आत एकही शब्द ऐकू येत नाही. चोवीस लूम एकदम खडखडायला लागले की माणसाला स्वतःचं ओरडणंही कळत नाही. म्हणून कारखान्यात कुणी तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतं. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. त्यातली एक खूण सगळ्यात वरची. दोन्ही मनगटं डोक्यावर नेऊन फुली करायची. त्याचा अर्थ, विजेचा मेन बंद कर, माणूस अडकला. ती खूण दिसली की कुणी का विचारायचं नाही, आधी मेन पाडायचा. विचारण्यात कुणाचा हात जातो.

येसू मागच्या कोपऱ्यात कांडी मशीनवर होती. तिने मान वर केली तर दोन रांगांमधल्या बोळातून शैलेश येत होता. रेनकोट गळून पडला, हातात कोयता. त्याच्या पुढे दहा पावलांवर मनाली, पाठमोरी, खोकं छातीशी धरून.

"मने! मने, माघं बघ!"

येसूच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. मग तिचे हात आपोआप वर गेले. मनगटावर मनगट, फुली. पलीकडून रामूने बघितलं आणि मेनवर झेप घेतली.

येसू तोवर पळत सुटली होती. पळता पळता तिने टेबलावरचा धोटा उचलला. धोटा हे हातभर लांबीचं कठीण लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. तो लूममधून उडाला तर माणसाचा डोळा घेऊन जातो. मोटारी बंद झाल्या, पट्टे सैल पडले, आणि त्या बदललेल्या आवाजाने मनाली वळली. मानेवर येणारा घाव खोक्यावर पडला. खोकं चिरत कोयता खांद्यात शिरला आणि कांड्या जमिनीवर सांडल्या.

दुसऱ्यांदा कोयता वर गेला. येसूने धावत्या अंगाने धोट्याचं टोक त्याच्या कानशिलात हाणलं. तो फिरला आणि फिरता फिरता वार केला. येसूने डावा हात मध्ये घातला. दोन बोटं कांड्यांमध्ये जाऊन पडली. तिला ते कळलंही नाही. तिने त्याच्या तोंडावर धोटा घातला. दात तुटले. परत घातला. नाकाचं हाड गेलं. तो गुडघ्यावर आला, कोयता निसटला, चार कारीगर त्याच्या अंगावर पडले, आणि येसू मारतच राहिली. भागीच्या उंबऱ्याचे मारले, लेकीच्या मनगटाचे मारले, बाळारामाच्या कपाळाचेही त्याच्याच तोंडावर मारले, जणू ते कपाळ यानेच फोडलं होतं. त्याचा एक डोळा त्यात कायमचा गेला. याचं येसूला कधी वाईट वाटलं नाही, आणि सांगणाऱ्यालाही वाटत नाही.

"बस, मौसी! बस! मर जाएगा वो!" रामूने तिला कमरेला धरून मागे ओढलं.

शेवटचं लूम थांबलं. बावीस वर्षांत भर दुपारी त्या जागेत एवढी शांतता येसूने ऐकली नव्हती. मनालीचं कण्हणं ऐकू येत होतं. रक्ताचे थेंब पडताना ऐकू येत होते. आणि वरच्या मजल्यावरून, जिथलं मीटर वेगळं होतं आणि वीज चालू होती, एक गाणं ऐकू येत होतं. माकडाचं नाही. आज हत्तीचं नवं कार्टून होतं.

जमिनीवर दाबून धरलेला शैलेश हसला. तोंडातून रक्ताचा फेस आला. "आयकतेस? माझ्याच नावाचा फोन हाय तो. काल दुपारपासून बोलवतोय मना."

येसूने वर बघितलं. त्यात कार्ड न्हाय, गेला तो. हे कोण बोललं होतं? हफसाने तोंड उघडून विचारलं होतं, तिसरा कुठला. बारा ठिकाणी फितूर शोधणारी, भावाचं डोकं फोडणारी बाई स्वतःच्या नातीच्या हातातला फोन बघू शकली नव्हती. तिने धोटा टाकला आणि तिथेच कांड्यांच्या ढिगात बसली.

*

शैलेशला पोलीस घेऊन गेले. मनालीच्या खांद्याला अठरा टाके पडले, पण हाड वाचलं. दवाखान्यात येसूच्या डाव्या हाताला पट्ट्यांचं मोठं बोचकं बांधलेलं होतं. खाटेच्या पायथ्याशी तय्यबा तोंडाला ओढणी लावून रडत होती. "मीच टाकला पासवर्ड. ह्या हातांनी." हफसा म्हणत होती, नाही अम्मी, मी तिसरा फोन डोळ्यांनी बघायला हवा होता, नुसतं विचारून चालत नाही. स्नेहाच्या हातात काही नव्हतं. जुना फोन हफसाने कोरा केला होता, आणि पोर आता तो परत घ्यायलाच तयार नव्हती.

"तुमी दोघी गप बसा," येसू म्हणाली. "तुमाला बोल लावायला माझ्याकडं तोंड न्हाय. मना इचारलं व्हतं, आनि मी उत्तर दिलं. बस."

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात बाळाराम दिसला. धापा टाकत होता, एका पायात चप्पल नव्हती, कपाळावरची पट्टी घामाने सुटली होती. येसूला वाटलं, आला. पोटच्या पोरापेक्षा जवळचा भाऊ, शेवटी आला. तिला रडू फुटलं.

बाळारामाने भाचीकडे बघितलं नाही. येसूच्या हाताकडे बघितलं नाही. खाटेपासून चार हातांवर थांबून, श्वास घेता घेता, तो घाईघाईने बोलायला लागला.

"बाय, मी न्हाय सांगलं. आईची शपथ. तू येऊन गेलीस तवापासून मी गेट सोडून हाललो न्हाय. कुनाशी बोललो न्हाय. इचार पायजे तर ठेकेदाराला. मी न्हाय सांगलं, बाय."

येसूने त्याला खुणेने जवळ बोलावलं. तो आला. सुटलेल्या पट्टीखालचे ते सात टाके तिला दिसले, आणि त्यावरून हात फिरवावा म्हणून तिने आपला धडका उजवा हात उचलला.

हात वर गेला तसा बाळारामाने डोळे घट्ट मिटले, मान खांद्यात ओढली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. पंचेचाळीस वर्षांचा तो धिप्पाड माणूस तसाच उभा राहिला. येसूने हात हवेतच ठेवला. नर्स आली, सलाईन बघून गेली, तरी त्याने हात खाली घेतले नव्हते.